शेवटून पहिला



डोंगरातील लांब पल्ल्याच्या शर्यतीवर बोला, असे व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढले सारे कारखान्यांच्या फाटकांवर झाले. तेव्हा पायांना जे कळले, तेवढेच सांगतो.

पुणे जिल्ह्यात सिंहगड, राजगड आणि तोरणा ही डोंगरवाट आहे. कधीकाळी जासूद खलिते घेऊन असल्या वाटा तुडवीत. आता तेथे हिवाळ्यात ‘एसआरटी अल्ट्रा’ नावाची शर्यत होते. तिच्यातील लांबचे अंतर १०० किलोमीटरचे आहे. तोरणा समुद्रसपाटीपासून १,४०३ मीटर उंच. चांगले धावणारेही चढावर निमूटपणे चालतात. खरी परीक्षा उताराची. मुरूम पायाखालून सरकतो आणि मांड्या भरून येतात. नुसते पाणी ढोसत राहिले, तर रक्तातील मीठ पातळ होऊन माणूस कोसळू शकतो. म्हणून पाण्याबरोबर मीठही लागते.

हे सर्व मला शिकविले आमच्या युनियनमधील एका पहारेकऱ्याने. या मुलुंडच्या पाठीमागचा डोंगर ओलांडला की बोरिवली. तेथे तो राहतो. मूळचा वेल्ह्याकडचा, म्हणजे तोरण्याच्या पायथ्याचा. बारा तासांची रात्रपाळी संपवून तो राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या चढाच्या रस्त्यावर धावे. चोपन्नाव्या वर्षी मीही त्याच्या मागे धापा टाकू लागलो. शर्यतीला आम्ही दोघांनी नावे दिली. शुल्कासाठी तो तीन महिने पैसे बाजूला टाकीत होता.

शर्यतीच्या आठवडाभर आधी त्याची सुट्टी रद्द झाली. तो माझ्याकडे आला. मी काय सांगितले असेल? “मागणीपत्रावर बोलणी चालू आहेत. धावण्याच्या हौसेसाठी आत्ता वाद नको.” तो म्हणाला, “बरं, भाऊ,” आणि गेला. मी मात्र एकटा शर्यतीला गेलो.

मी लहान अंतराला उतरलो होतो. सिंहगड चढून पलीकडे लागलो, तेव्हा सर्वांच्या मागे होतो. माझ्याही मागे एकच तरुण कार्यकर्ता, वाटेवरच्या खुणेच्या फिती सोडीत येत होता. मी थांबलो की तो थांबे. “काका, सावकाश. तुम्ही उतरल्याशिवाय मी उतरत नाही,” तो म्हणाला. हे वाक्य माझ्या काळजात रुतले. शेवटच्या माणसाच्या मागे चालणे, हेच तर माझे काम! आणि माझा शेवटचा माणूस बोरिवलीच्या एका फाटकावर उभा होता.

दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारिट्झबर्ग या शहरांमध्ये सुमारे ९० किलोमीटरची ‘कॉम्रेड्स’ शर्यत होते. व्हिक क्लॅफम या आगगाडीच्या इंजिनचालकाने युद्धातील आपल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ ती १९२१ मध्ये सुरू केली. ३४ जण निघाले, १६ पोहोचले. मर्यादा बारा तासांची होती. जगात ज्या शर्यतीला पराक्रम म्हणतात तिचे ते बारा तास. आमचा पहारेकरी तेवढे रोज भरतो, आणि त्याला पदक कोणी देत नाही.

सुट्टी ही हौस आहे, असे मी म्हणालो होतो. परंतु २४ एप्रिल १८९० रोजी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत दहा हजार गिरणी कामगार सभेला जमले, दोन कामगार स्त्रियाही त्या सभेत बोलल्या, ते कशासाठी? आठवड्याच्या एका सुट्टीसाठी! १० जून १८९० रोजी मालकांनी रविवार मान्य केला. त्या दिवशी माणसाने देवदर्शन करावे, झोपावे की डोंगर धावावा, हे मालकाने विचारावयाचे नाही आणि युनियननेही नाही.

परतल्यावर मी त्याच्या फाटकावर गेलो आणि माझे चुकले, असे सांगितले. तो हसला. “भाऊ, तोरणा कुठे पळून चाललाय?” मागणीपत्रात साप्ताहिक सुट्टीचे कलम नवव्या क्रमांकावर होते, ते आम्ही पहिल्यावर घेतले आहे. बोलणी अद्याप संपलेली नाहीत.

पुढल्या शर्यतीला आम्ही दोघेही उभे राहू, असा निश्चय आहे. तो पुढे जाईलच. मी शेवटून पहिला येईन. त्याचे मला दुःख नाही. मात्र माझ्या मागे कोणी राहून गेलेला नसावा, एवढीच इच्छा आहे.