आधी पाणी तपासू, मग गोळी

गुडघे धरत बैठकीला येणाऱ्या बाया प्रत्येक गटात आहेत. वर्षानुवर्षे रोवणी केली, मोहफुलं वेचली, त्याची ही मजुरी. आता आपल्या गडचिरोली-चंद्रपूरच्याही काही जणी नागपूर, सेवाग्रामला जाऊन कृत्रिम सांधा बसवून येतात. शिवाय आपल्याकडे सिकलसेल आहे. त्यात खुब्याच्या हाडाला रक्त पोचत नाही, हाड झिजतं, आणि तरण्या पोरापोरींचाही खुबा बदलावा लागतो.

शंभरात एखाद-दोघांच्या अशा सांध्यात जंतू शिरतात. कधी महिन्याभरात, कधी दोन-तीन वर्षांनी. टाके झिरपत राहतात, सांधा सुजतो, गरम लागतो. कित्येकदा तापही नसतो, फक्त बरा झालेला सांधा पुन्हा ठणकू लागतो. रांजणाला आतून बुळबुळीत थर धरतो ना, तसे हे जंतू धातूवर थर धरून बसतात.

आणि इथंच घोळ होतो. गावात सुई घेतली, पाच दिवस अँटिबायोटिक खाल्लं की दुखणं दबतं. थरातले जंतू जिवंतच राहतात, पण मोठ्या दवाखान्यात तपासणीत मात्र सापडत नाहीत. जंतू कोणता हे कळलं नाही तर औषध कोणतं द्यायचं? म्हणून सांधा बसवलेल्या बाईनं गावात स्पष्ट सांगायचं, "सांध्यातलं पाणी तपासल्याशिवाय अँटिबायोटिक नको, आधी ऑपरेशनच्या डॉक्टरांना विचारू." घेऊन झालं असेल तर लपवू नका. शक्य असेल तर डॉक्टर ते साधारण दोन आठवडे बंद ठेवून मग पाणी काढतात.

आधी रक्त तपासतात, ईएसआर आणि सीआरपी. (आपल्या गटाची सीआरपी ताई वेगळी बरं का!) शरीरात कुठंतरी सूज आहे, एवढंच त्यावरून कळतं. सिकलसेलमध्ये तर ईएसआर वाढायला हवा तेवढा वाढतच नाही, म्हणून सिकलसेलचं कार्ड दाखवाच. खरी तपासणी सांध्यातल्या पाण्याची. सुईनं पाणी काढतात, त्यातल्या पांढऱ्या पेशी मोजतात, आणि जंतू वाढतात का ते बघतात. काही जंतू फार सावकाश वाढतात, म्हणून नमुना 14 दिवसांपर्यंत ठेवावा लागतो. तिसऱ्या दिवशी "काही नाही" असं कळलं तरी शेवटचा रिपोर्ट कधी मिळेल ते विचारून या. अहेरी-भामरागडकडून पुन्हा जायचं म्हणजे दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं. त्यासाठी गटातून कर्ज द्यायला आम्ही कधी नाही म्हणत नाही.

सांधा पुन्हा उघडावा लागला तर वेगवेगळ्या जागचे पाच-सहा तुकडे तपासतात. एकाच तुकड्यात जंतू निघाला तर तो कातडीवरचाही असू शकतो. दोन तुकड्यांत तोच निघाला, की खात्री.

पण थंडी वाजून ताप भरला, बाई गुंगीत गेली, तर कशाचीच वाट बघू नका. 108 ला फोन करा. तिथं डॉक्टर नमुना घेऊन लगेच औषध सुरू करतात.

ऑपरेशनच्या कागदावर सांध्याच्या कंपनीचं आणि नंबरचं स्टिकर असतं. तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा आणि दवाखान्यात जाताना सोबत न्या.