जंक फोल्डरमधली तीन पत्रं

(रविवारच्या आरतीनंतर मंदिराच्या हॉलमध्ये झालेल्या भाषणाचा हा मजकूर. बऱ्याच व्यावसायिक मंडळींनी तो लेखी मागितला, म्हणून इथे छापत आहोत.)

प्रसाद झाला आहे, पोटं भरली आहेत, आणि आता मी ईमेलच्या कचऱ्याबद्दल बोलणार आहे. कुणाला डुलकी लागली तर माझी हरकत नाही. मात्र ज्यांचं स्वतःचं दुकान, दवाखाना किंवा अकाउंटंटचं ऑफिस आहे, त्यांनी पहिली दहा मिनिटं तरी जागं राहावं.

मी भांडीवाला माणूस. हॉटेलांच्या स्वयंपाकघरांना लागणारी स्टीलची पातेली, पराती, ट्रे भारतातून आणतो आणि इथे इंग्लंडमध्ये विकतो. आम्ही 14 माणसं. ऑर्डर, बिलं, जहाजाचे कागद, सगळं ईमेलवर चालतं, आणि तो ईमेलचा सर्व्हर मी स्वतः सांभाळतो. का, ते नंतर सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे स्पॅम इतका वाढला की हिशेब बघणाऱ्या ताईंचा सकाळचा पहिला अर्धा तास नुसता डिलीट करण्यात जायचा. लॉटरी, औषधं, खोटी कुरियरची नोटीस, कुणा राजपुत्राची इस्टेट. हा धंदा तसा जुना आहे. 1978 च्या मे महिन्यात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क यांनी कॉम्प्युटरची जाहिरात एकदम सुमारे 400 जणांना पाठवली, ते पहिलं असं पत्र मानतात. तेव्हाही लोक चिडले होते.

तर एका बँक हॉलिडेला मी सर्व्हरसमोर बसलो. आमच्याकडे स्पॅमॲसॅसिन नावाचा मोफत फिल्टर आहे. तो प्रत्येक पत्राला गुण देतो. गुण जितके जास्त, तितकं पत्र संशयास्पद. मूळ सेटिंगमध्ये 5 गुण झाले की पत्र स्पॅम ठरतं. मी तो आकडा 3 वर आणला. मंगळवारी सकाळी ताईंचा इनबॉक्स लख्ख. मी महिनाभर स्वतःची पाठ थोपटत होतो.

चार महिन्यांनी सांगलीहून फोन आला. आमच्या गोदामात नऊ वर्षं काम करून गावी परत गेलेल्या एका काकांचा पुतण्या बोलत होता. इथल्या पेन्शनच्या कामासाठी काकांना आमच्याकडच्या नोकरीच्या वर्षांचा दाखला हवा होता. त्यासाठी त्यांनी तीनदा ईमेल केला होता. मी म्हटलं, आमच्याकडे काही आलेलं नाही. फोन कानाला लावूनच जंक फोल्डर उघडला. तिन्ही पत्रं तिथे होती, पहिलं अकरा आठवड्यांपूर्वीचं.

फिल्टरच्या बाजूने बघितलं तर त्याचं चुकलं नव्हतं. पुतण्याने नवीन खातं उघडलेलं, विषयाची ओळ सगळी मोठ्या अक्षरांत, त्यात ‘अर्जंट’, मजकुरात पैशांचा उल्लेख, आणि खाली मोबाइलवर काढलेले कागदांचे फोटो. थोडे थोडे गुण जमत जाऊन बेरीज 3 च्या वर गेली. 5 वर मात्र गेली नव्हती.

मी काकांना फोनवर घेतलं, माफी मागितली. ते म्हणाले, “नाही हो मालक, मला वाटलं तुम्हाला जमत नसेल. म्हणून परत परत विचारायला बरं वाटलं नाही.”

दाखला त्याच दिवशी पाठवला. पण त्या रात्री झोप लागली नाही. आमच्या सर्व्हरने ‘पत्र घेत नाही’ असं सरळ सांगितलं असतं, तर पुतण्याने दुसऱ्याच दिवशी फोन केला असता. सर्व्हरने पत्र घेतलं, ‘मिळालं’ म्हणून पोच दिली, आणि नेऊन अडगळीत टाकलं. माझ्या ‘लख्ख’ इनबॉक्सचा अर्थ हा होता.

तेव्हापासून मी सगळी रचना बदलली. ज्याला नाही म्हणायचं, त्याला दारातच आणि तोंडावर नाही म्हणायचं. घेतलेलं पत्र गुपचूप नाहीसं करायचं नाही.

हे दार म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. दुसऱ्याचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला गाठतो तेव्हा त्यांचं संभाषण चालतं. मी अमुक, पत्र अमक्याकडून, अमक्यासाठी, आणि हा घ्या मजकूर. यातल्या प्रत्येक पायरीवर आपला सर्व्हर नकार देऊ शकतो. तिथे नकार दिला की पाठवणाऱ्याचाच सर्व्हर आपल्या माणसाला कळवतो, पत्र पोचलं नाही आणि त्याचं कारण हे. पण एकदा पत्र ताब्यात घेतलं आणि मग परत पाठवायला गेलात, तर ते पाकिटावरच्या पत्त्यावर जातं. स्पॅममध्ये तो पत्ता चोरलेला असतो. म्हणजे तुमची परत आलेली पत्रं भलत्याच गरीब माणसाच्या डोक्यावर आदळतात, आणि काही दिवसांत स्पॅम पाठवणारे म्हणून तुमचंच नाव काळ्या यादीत जातं. म्हणून नकार द्यायचा तो संभाषण चालू असतानाच.

सगळ्यात जास्त फरक पडला तो एका लाजिरवाण्या गोष्टीने. आमच्या डोमेनवर कुठलंही नाव लिहिलं तरी पत्र एका सामाईक पेटीत यायचं. याला कॅच-ऑल म्हणतात. कुणी स्पेलिंग चुकवलं तरी ऑर्डर हातची जाऊ नये, हा माझा उदार विचार. स्पॅमवाले काय करतात, तर सेल्स, इन्फो, ॲडमिन, जॉन, मेरी अशी शेकडो नावं अंदाजाने लिहून बघतात. आम्ही सगळ्यांचं आनंदाने स्वागत करत होतो. कॅच-ऑल बंद केलं, फक्त खरे पत्ते ठेवले, बाकीच्यांना ‘असा कुणी इथे नाही’. निम्म्याहून जास्त कचरा एका दुपारीत थांबला. आणि ज्याने खरंच स्पेलिंग चुकवलं, त्याला लगेच कळतं. तुमच्यापैकी कुणी आज घरी जाऊन एकच गोष्ट बघणार असाल, तर ही बघा.

दुसरी युक्ती मला फार आवडते. आमचा सर्व्हर पोस्टफिक्सवर चालतो, आणि त्यात पोस्टस्क्रीन नावाचा एक दारवान आहे. नियम असा की दाराशी आलेल्याने यजमानाचं ‘या’ पूर्ण होईपर्यंत थांबायचं. हा दारवान अर्धंच स्वागत करतो आणि सहा सेकंद गप्प बसतो. सभ्य सर्व्हर थांबतात. व्हायरस शिरलेले कॉम्प्युटर, ज्यांना तासाला हजारो पत्रं टाकायची आहेत, ते मध्येच बोलायला लागतात आणि पकडले जातात. प्रसादाच्या रांगेत कोण घुसतं ते बघण्यासारखंच आहे. (आज कुणी घुसलं ते मी पाहिलं आहे, नाव सांगत नाही.)

मग काळ्या याद्या. स्पॅम पाठवणाऱ्या सर्व्हरांचे पत्ते जमवून ठेवणाऱ्या संस्था आहेत. त्यातली स्पॅमहाउस सगळ्यांत ओळखीची, 1998 मध्ये लंडनमध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी सुरू केलेली. कुणी दाराशी आलं की आपला सर्व्हर यादीला विचारतो, हा पत्ता तुमच्याकडे आहे का? या याद्यांचा उपयोग खूप, पण त्या लावून विसरायच्या नसतात. ओआरडीबी नावाची अशी एक यादी 2006 च्या अखेरीस बंद झाली. तरी कितीतरी सर्व्हर तिला विचारतच राहिले. शेवटी 2008 च्या मार्चमध्ये तिने प्रत्येक प्रश्नाला ‘हो, आहे यादीत’ असं उत्तर द्यायला सुरुवात केली, आणि त्या सगळ्यांचे ईमेल ठप्प झाले.

हसू नका, माझंही तसंच झालं. काही मोफत याद्या सार्वजनिक डीएनएसमधून आलेल्या प्रश्नांना उत्तर देत नाहीत. त्याऐवजी एक खास आकडा पाठवतात, त्याचा अर्थ ‘तुमचा रस्ता चुकला’. माझ्या सेटिंगमध्ये कुठलंही उत्तर म्हणजे ‘यादीत आहे’ असं धरलेलं. चूक पूर्णपणे माझी. एका गुरुवारी दुपारी आम्ही सगळ्या जगाला नकार देत बसलो. पण तासाभरात तीन गिऱ्हाइकांचे फोन आले, “तुमचा सर्व्हर आम्हाला हाकलतोय.” चार वाजता दुरुस्त झालं. काकांची पत्रं अकरा आठवडे पडून होती, आणि हे एका दुपारीत उघडकीला आलं.

ग्रे-लिस्टिंगही करून पाहिलं. अनोळखी सर्व्हरला ‘थोड्या वेळाने या’ सांगायचं, खरा असेल तो परत येतो. चालतं, पण बँकेचा कोड वीस मिनिटांनी येऊ लागला तेव्हा ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते बंद केलं.

मजकूर तपासणारा फिल्टर आता सगळ्यात शेवटी येतो. 3 चा आकडा परत 5 केला. 10 च्या वर गेलेल्या पत्राला दारातच नकार. 5 ते 10 मधली पत्रं जंकमध्ये जातात, पण दुपारच्या चहानंतर ताई ती यादी नजरेखालून घालतात. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते माणसानेच करायचं असं मी ठरवलं आहे. फिल्टरला शिकवावंही लागतं. स्पॅमॲसॅसिनमध्ये शब्दांवरून शिकणारा एक भाग आहे. त्याला किमान 200 खरी आणि 200 खोटी पत्रं दाखवल्याशिवाय तो तोंडच उघडत नाही. आम्ही नुसता कचरा दाखवत होतो, चांगली पत्रं दाखवायची राहूनच गेली होती. आमच्या पत्रांत ‘परात’, ‘कंटेनर’, ‘न्हावा शेवा’ असे शब्द असतात. ते त्याला ओळखीचे झाल्यावर त्याचा अंदाज फार सुधारला.

आता आपल्या नावाने जाणाऱ्या कचऱ्याबद्दल. एका जुन्या गिऱ्हाइकाला आमच्या नावाने पत्र गेलं, ‘आमची बँक बदलली आहे, पुढचे पैसे या खात्यात भरा.’ आमचाच पत्ता, आमचीच सही. योगायोगाने त्याच वेळी आमचा ड्रायव्हर तिथे माल उतरवत होता. त्याला विचारलं म्हणून वाचले. तेव्हा कळलं की आमच्या नावाने कुणीही पत्र लिहू शकत होतं, कारण आम्ही कुठे काही जाहीरच केलं नव्हतं. ते जाहीर करायचे तीन मार्ग आहेत. एसपीएफ म्हणजे आमची पत्रं कुठल्या सर्व्हरवरून निघतात त्याची यादी. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक पत्रावरची डिजिटल मोहोर. आणि डीमार्क म्हणजे या दोन्हींतलं काहीच जुळलं नाही तर पत्राचं काय करायचं ती सूचना. 2024 च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू मोठ्या प्रमाणावर पत्रं पाठवणाऱ्यांकडे हे तिन्ही मागतात. छोट्यांनीही करून टाकावं.

फक्त घाई करू नका. डीमार्कची सुरुवात ‘काही करू नका, नुसता अहवाल पाठवा’ इथून करायची. मी थेट ‘नाकारा’ लिहिलं, आणि आमची बिलं एका वेगळ्या प्रोग्रॅममधून, वेगळ्या सर्व्हरवरून जातात हे विसरलो. तिमाहीची बिलं गिऱ्हाइकांकडून परत आली. आणि हे सगळं करूनही डोळ्यांना फसवणारे पत्ते थांबत नाहीत. इंग्रजी एमच्या जागी आर आणि एन जोडून लिहिलं की वाचताना कळतसुद्धा नाही. म्हणून बँक बदलल्याचं पत्र आलं की आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करायचा. पत्रातल्या नंबरवर कधीच नाही. आणि ते पत्र पुढे राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राच्या रिपोर्ट ॲट फिशिंग डॉट गव्ह डॉट यूके या पत्त्यावर पाठवायचं.

मघाशी एका काकूंनी हळूच विचारलं, “एवढा उपद्व्याप कशाला, तयार सेवा का नाही घेत?” काकू, बहुतेकांनी तीच घ्यावी. महिन्याला माणशी काही पौंड पडतात आणि रात्री झोप लागते. मी स्वतः सांभाळतो याचं निम्मं कारण हट्ट आहे. उरलेलं निम्मं असं की कुठलं पत्र का अडलं, हे मला स्वतः बघता येतं. तयार सेवा असली तरी जंक फोल्डर रोज कोण बघणार, हा प्रश्न तुमचाच राहतो. तो आजच ठरवा.

पुढच्या रविवारी आरतीनंतर मी हॉलच्या मागच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसेन. तुमच्या डोमेनचं नाव सांगा, एसपीएफ आणि डीमार्क आहे की नाही ते दोन मिनिटांत बघून देतो. तेवढ्याला पासवर्ड लागत नाही, तेव्हा तो सांगू नका. आणि येण्याआधी घरी जंक फोल्डर एकदा शेवटपर्यंत खाली सरकवून बघून या.