ओळख देणाऱ्याची सही

(संस्थेच्या वार्षिक कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समाजसेवेवर दोन शब्द बोला, असे मला सांगण्यात आले आहे. मी बँकेतला कारकून. मोठ्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. म्हणून मी आज एका मांजराची हकीकत सांगणार आहे. काहींना हसू येईल, हरकत नाही. पण त्या मांजराच्या निमित्ताने माझ्या हातून एक चूक झाली आणि ती चारचौघांत कबूल करावी, असे मला वाटते.

धुळ्याला काही तरुण मुले पत्र्याच्या शेडमध्ये जखमी व टाकून दिलेल्या जनावरांचा सांभाळ करतात. माझी मुलगी कॉलेजसाठी तिकडे जाते, तीही त्यांच्यात मिसळली. तिथे एक पिवळा पट्टेदार बोका होता. त्याचे नाव सोन्या. एका वृद्ध बाईंनी त्याला लहानाचा मोठा केला होता. बाई वारल्या. मुले नोकरीनिमित्त परगावी. तेराव्यानंतर घराला कुलूप लागले आणि सोन्या टोपलीतून शेडमध्ये आला.

पहिले तीन दिवस त्याने अन्नाला तोंड लावले नाही. आपण अमळनेरकर. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात इथल्याच शाळेत शिक्षक होते. त्यांच्या 'श्यामची आई'मधली मथी मांजर आपल्याला आठवत असेल. आई गेल्यावर तिने अन्न सोडले. आपण ते वाचून रडतो, पण पुस्तकाबाहेरच्या मथीला आपण म्हणतो, "नखरे करते, भूक लागली की खाईल." डॉक्टर सांगतात की मांजर काही दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतावर चरबी साचते आणि ते दगावू शकते. शेडमधल्या मुलांनी सुकट वाटून, बोटाने चाटवून त्याला जगवले.

सोन्या जगला, पण दोन खोडी घेऊन. हात लावला की चावायचा आणि अंथरुणावर लघवी करायचा. एका कुटुंबाने त्याला नेले आणि आठ दिवसांत परत आणून दिले. शेडमध्ये जागा थोडी, जनावरे फार. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमच्या एवढ्या ओळखी आहेत. त्याला एक घर बघा ना."

मी नोकरीला लागलो तेव्हा खाते उघडायला ओळख देणाऱ्याची सही लागत असे. हा मनुष्य मला माहीत आहे, याची ती ग्वाही. खोटी ओळख देऊ नये, हे मी काउंटरवर शेकडो लोकांना सांगितले असेल. आणि स्वतः काय केले? मावसभावाला फोन लावला आणि म्हणालो, "गरीब मांजर आहे, घेऊन जा." चावण्याचे बोललो नाही, लघवीचेही बोललो नाही. मनात म्हटले, प्रेम मिळाले की सुधारेल.

पाचव्या दिवशी भावाच्या सहा वर्षांच्या मुलीने त्याला पोटाशी धरले आणि तो मनगटाला कडकडून चावला. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी लागते, हेसुद्धा त्यांना सांगायला कोणी नव्हते. त्यांनी हळद भरली. नंतर दवाखाना, रेबीजची लस, ठरलेल्या तारखांना पुन्हा पुन्हा सुया आणि दहा दिवस मांजरावर नजर. मुलगी बरी झाली. पण त्या दहा दिवसांत मला झोप नव्हती. भाऊ एवढेच म्हणाला, "दादा, तू सांगितलं असतं तर मी पोरीला जपलं असतं."

भावाच्या शेजाऱ्यांनी उपाय सुचवला, तो आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. पोत्यात घाला आणि नदीपलीकडे सोडा. मित्रहो, १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने पाळलेले जनावर उपाशीतापाशी मरेल अशा स्थितीत टाकून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळेला दंड १० ते ५० रुपये. एवढ्या दंडाची धास्ती कोण घेणार? १९७६ साली संविधानात मूलभूत कर्तव्ये आली. त्यांत प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे एक कर्तव्य आहे. त्याला दंडच नाही. ते आपल्या शहाणपणावर सोडले आहे.

हा प्रश्न आजचा नाही. मुंबईत १८३२ साली सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली तेव्हा दंगा उसळला. पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभॉय आणि इतर व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने तिथे पांजरपोळ निघाली. नकोशा जनावरांना जागा हवी, हे आपल्या लोकांनी तेव्हाच ओळखले. पण पांजरपोळ असो की पत्र्याची शेड, ते शेवटचे घर होऊ नये. तिथून पुढे नेणारा कोणीतरी हवा.

मी सोन्याला घरी आणले. मंडळींनी नाक मुरडले, ते साहजिकच होते. प्रथम त्याला पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी पोट दाबून पाहिले, लघवी तपासली आणि मला विचारले, "याला तुम्ही खोडकर म्हणता?" त्याच्या मूत्राशयाला सूज होती, लघवीत खडे होते. लघवी करताना कळ येते, म्हणून मांजराला मातीच्या घमेल्याचीच धास्ती बसते आणि ते मऊ जागा शोधते. त्यातून तो खच्ची न केलेला बोका. असे बोके आपली हद्द आखण्यासाठी जागोजागी लघवीचे फवारे मारतातच. डॉक्टरांनी औषध दिले, पाणी जास्त पोटात जाईल असे ओले खाणे द्यायला सांगितले आणि बरे वाटल्यावर शस्त्रक्रिया करून घेतली. दीड महिन्यात अंथरूण ओले होणे थांबले.

चावणे कमी झाले, पण गेले नाही. तेव्हा मी त्याच्याकडे नीट पाहू लागलो. तो विनाकारण चावत नव्हता. आधी शेपूट आपटी, मग कान मागे पाडी, पाठीची कातडी थरथरे. तीन वेळा सांगून झाल्यावर चौथ्यांदा दात. आम्हालाच त्याची भाषा वाचता येत नव्हती. पोटाला हात लावलेला आणि उचलून घेतलेले त्याला खपत नसे. डोक्यावर, गालावर दोन-चार वेळा बोट फिरवले तर चाले. मारल्याने मांजर शिकत नाही, फक्त मारणाऱ्याला भिऊ लागते, हेही तेव्हाच समजले.

मग मी एक कागद घेतला आणि त्यावर सोन्याची खरी ओळख लिहिली. वय अंदाजे चार वर्षे. लस दिली आहे, शस्त्रक्रिया झाली आहे. लघवीचा त्रास होता, पुन्हा होऊ शकतो. लघवीसाठी नुसता बसू लागला आणि लघवी झाली नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे नेणे. उचलल्यास चावतो. लहान मुले असलेल्या घरासाठी नाही. मासे, अंडी लागतात, नुसत्या दूध-भाकरीवर मांजराचे पोषण होत नाही. खाली माझी सही आणि अट : न जमल्यास माझ्याकडेच परत आणावे.

कागद वाचून दोन घरांनी नकार दिला. मला वाईट वाटले नाही. तो नकार पाच दिवसांनी मिळण्यापेक्षा आधी मिळालेला बरा. तिसरे गृहस्थ एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर. एकटे राहतात, घर शांत, शुक्रवारी मासे. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "भाऊ, माले बी कोनी हात लावेल चालत नही. ऱ्हाऊ द्या."

आम्ही घाई केली नाही. पहिले काही दिवस सोन्या एकाच खोलीत. लपायला खोके, एका कोपऱ्यात अन्नपाणी आणि त्यापासून लांब वाळूचे घमेले. बाबांनी नुसते तिथे बसायचे, पेपर वाचायचा, त्याच्याकडे टक लावून पाहायचे नाही. महिनाभर दार बंद, कारण मांजर जुन्या घराच्या वाटेला लागते आणि रस्त्यात मरते. बाराव्या दिवशी तो आपणहून खोक्यातून बाहेर येऊन त्यांच्या पायाशी बसला.

या गोष्टीला दीड वर्ष झाले. सोन्या अजून मांडीवर बसत नाही. मधे एकदा लघवी अडली, तेव्हा बाबांनी त्याच दिवशी रिक्षा करून दवाखाना गाठला, कारण कागदावर तसे लिहिले होते. माझ्या भावाची मुलगी मात्र अजून मांजर दिसले की आईच्या मागे लपते. ते माझे देणे आहे आणि ते फिटायचे आहे.

बांधवांनो, जनावर ठेवणे कधी कधी खरोखरच अशक्य होते. बदली होते, आजारपण येते, माणूस जातो. सोडून द्यावे लागले म्हणून कोणाला दोष देऊ नका. पण दोन गोष्टी करा. "खोडकर आहे" असे म्हणण्यापूर्वी त्याला एकदा डॉक्टरला दाखवा. आणि दुसऱ्याच्या हाती देताना त्याची खरी ओळख लिहून द्या, खाली आपली सही करा. चांगले घर मिळावे म्हणून बोललेले खोटे त्या घराला आणि त्या जीवाला, दोघांनाही महागात पडते.