अपील म्हणजे माफी नव्हे
(मुरुड, जि. लातूर येथील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



1922 साली अहमदाबादच्या न्यायालयात गांधीजींनी जास्तीत जास्त शिक्षा मागून घेतली. ती परंपरा थोर आहे. पण तिचा एक विपर्यास आपल्यांत रुजला आहे. शिक्षा कमी करून मागणे म्हणजे सरकारपुढे नाक घासणे, असे आपण मानतो. त्याची किंमत मात्र घरची बायकामुले मोजतात.

मीरत कट खटला आठवा. त्यातील बरेचसे आरोपी कम्युनिस्ट होते. त्यांच्याशी असलेले आपले जुने मतभेद आज बाजूला ठेवू. मार्च 1929 मध्ये पकडलेल्या या कामगार पुढाऱ्यांना जानेवारी 1933 मध्ये शिक्षा झाल्या. मुझफ्फर अहमद यांना जन्मठेप, श्रीपाद अमृत डांगे यांना बारा वर्षे काळे पाणी. आरोप कटाचा, एकाही हिंसक कृत्याचा नाही. त्यांनी अपील केले. अलाहाबाद उच्च न्यायालयात कैलासनाथ काटजूंनी बाजू मांडली आणि ऑगस्ट 1933 मध्ये मुख्य न्यायाधीश सुलेमान व न्या. यंग यांनी या दोघांच्याही शिक्षा तीन वर्षांवर आणल्या. मुंबईच्या गिरणी कामगारांचे पुढारी आळवे व कासले तर निर्दोष सुटले. राजकीय श्रद्धेपोटी घडलेल्या गुन्ह्यास जबर शिक्षा दिली, तर माणूस आपल्या मतात अधिकच पक्का होतो आणि त्याच्यासारखे आणखी निर्माण होतात, असे त्या न्यायालयाने म्हटले. साम्राज्याच्या न्यायालयाने! या अपिलासाठी कोणालाही आपले मत मागे घ्यावे लागले नाही. दयेचा अर्ज आणि अपील यांत हाच भेद आहे.

मग ज्याने सत्याग्रही म्हणून गुन्हा कबूल केला, त्याचे काय? खालच्या न्यायालयात कबुली दिल्यावर दोषी ठरविण्याविरुद्ध अपील चालत नाही. शिक्षा किती व कायदेशीर की नाही, एवढ्यापुरते मात्र चालते. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम 375 होते. जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम 416 आहे. आरोपीने केलेल्या अपिलात शिक्षा वाढविता येत नाही, हेही भित्र्या मंडळींना सांगावे.

मुदत थोडी असते. लातूरच्या न्यायदंडाधिकाऱ्याने शिक्षा दिली, तर सत्र न्यायालयात तीस दिवसांत जावे लागते. कैदेची शिक्षा झालेल्यास निकालाची प्रत विनामूल्य मिळते. होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1978 सालीच ते बजावले आहे. वकिलाची ऐपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. कोठडीतल्या माणसाला तेथे उत्पन्नाची अट नाही. प्रत हाती आल्याखेरीज कार्यकर्त्याच्या घरच्यांना न्यायालयातून एकटे परतू देऊ नका.