घडीचा फोन कुणाच्या खिशात?



या व्याख्यानमालेत ज्ञानेश्वरी, अर्थसंकल्प आणि हृदयविकार यांच्या रांगेत मोबाईलचा विषय पाहून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. पण लाखभर रुपयांची वस्तू घेताना आपण घरातल्या एखाद्या पुतण्याला विचारतो आणि मोकळे होतो, तेव्हा त्यावर एक संध्याकाळ घालवायला हरकत नसावी. मधोमध दुमडणारा, बंद केला की तळहातात मावणारा फ्लिप स्मार्टफोन आपल्या रोजच्या वापराला झेपेल का, एवढाच आजचा प्रश्न आहे.

दुकानदार तुम्हाला मेगापिक्सेल सांगेल. माझं म्हणणं वेगळं आहे. आपला फोन सकाळपासून रात्रीपर्यंत कुठे कुठे असतो आणि तो काढताना दुसरा हात मोकळा असतो का, एवढं पाहा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

आधी वस्तू समजून घेऊ. दुमडणारे फोन नवे नाहीत. मोटोरोलाचा स्टारटॅक १९९६ सालचा, आणि २००४ मध्ये आलेला रेझर तर कित्येकांनी केवळ ऐटीसाठी घेतला होता. त्या फोनांत वर पडदा, खाली बटणं आणि मध्ये बिजागरी असे. वाकायचं काम बिजागरीचं, पडदा आपला सरळच. २०२० मध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी झेड फ्लिप आला, त्यात मात्र पडदाच वाकतो, आणि साऱ्या गुणदोषांचं मूळ तिथे आहे.

कुठलीही पट्टी वाकवली की बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. जाडी जितकी कमी, तितका हा ताण कमी. त्यामुळे या पडद्यासाठी जर्मनीच्या शॉट कंपनीची सुमारे ३० मायक्रॉन जाडीची काच वापरली गेली. आपला केससुद्धा बहुधा याहून जाड असतो. एवढी पातळ काच वाकते खरी, पण ओरखड्यांपुढे तिचा टिकाव लागत नाही, म्हणून तिच्यावर प्लास्टिकचा पातळ थर असतो. म्हणजे लाख रुपयांच्या फोनवर आपलं बोट फिरतं ते प्लास्टिकवर. नखाचा वळ त्यावर उठू शकतो. मधली आडवी घडी उजेडात दिसते आणि बोटाला लागते, इस्त्रीची साडी नेसल्यावरही घडीची रेघ दिसत राहते तशी. आठवडाभरात तिची सवय होते असं बहुतेक वापरणारे सांगतात, आणि मला ते पटतं. घडीची चिंता करू नका. चिंता करायचीच तर वरच्या थराची करा. वर्ष-दोन वर्षांनी तो घडीपाशी सुटू लागल्याच्या तक्रारी पुष्कळ आहेत. तो घरी सोलायचा नसतो. २०१९ मध्ये सॅमसंगचा पहिला दुमडणारा स्मार्टफोन, फोल्ड, परीक्षकांकडे गेला, तेव्हा काहींनी तो थर साधा स्क्रीनगार्ड समजून काढला आणि पडदे निकामी झाले. फोन बाजारात यायलाच त्यामुळे काही महिने उशीर झाला. तेव्हा कोपऱ्यावरचा मोबाईलवाला ‘ताई, टेम्पर्ड लावून देतो’ म्हणाला, तर बाहेरच्या बाजूला असतो त्या छोट्या पडद्याला खुशाल लावू द्या. आत हात लावू देऊ नका.

आता फोनच्या मुक्कामांकडे येते. पहिला मुक्काम खिसा, आणि इथे फ्लिप बाजी मारतो. २०२४ चा झेड फ्लिप ६ उघडल्यावर साडेसोळा सेंटिमीटर लांब, मिटल्यावर साडेआठ. आम्हा बायकांच्या कपड्यांना शिंप्यानं कृपा केली तर खिसा मिळतो, आणि तोही रुमालापुरता. त्या खिशात हा मिटलेला फोन मावतो. जीन्सच्या खिशात घालून खाली बसलं तरी टोक बाहेर येत नाही. वजन मात्र कमी होत नाही, १८७ ग्रॅमच राहतं, आणि मिटल्यावर जाडी दीड सेंटिमीटर होते. त्यानं पुरुषांच्या शर्टाचा खिसा लोंबतो. शर्टाच्या खिशाबद्दल आणखी एक सांगायचं आहे, ते शेवटी सांगते.

दुसरा मुक्काम लोकल. संध्याकाळी दादरला विरार फास्टमध्ये शिरलात, एक हात वरच्या कडीला. फोन वाजला. साधा फोन अंगठ्यानं चालतो. फ्लिपची बिजागरी मात्र मुद्दाम घट्ट ठेवलेली असते, कारण अर्धवट उघडलेला फोन हव्या त्या कोनात थांबावा लागतो. त्यामुळे एका हातानं उघडणं ही कसरत होते. बाहेरच्या छोट्या पडद्यावरून कॉल घेता येतो, मेसेज वाचता येतो, पण तिथे मराठीत लांबलचक उत्तर टाइप करण्याच्या फंदात पडू नये. या पडद्यावर मोटोरोला जवळपास कुठलंही ॲप चालवू देते. सॅमसंगमध्ये ठरावीक गोष्टी थेट मिळतात आणि बाकीच्यांसाठी गुड लॉक नावाचं वेगळं ॲप टाकून खटपट करावी लागते. भाजीवाल्याला यूपीआयनं पैसे देताना दिवसातून दहादा फोन उघडायचा नसेल, तर तुमचं ॲप मिटलेल्या फोनवर क्यूआर वाचतं का, हे दुकानातच करून पाहा.

घड्यांच्या संख्येची जाहिरात होते, तिचा हिशोब करू. सॅमसंगच्या फ्लिप ५ साठी दोन लाख घड्यांचा दावा होता. दिवसाला शंभरदा उघडलात तर दोन लाख घड्या साडेपाच वर्षं पुरतात. म्हणजे आकडा खोटा नाही, पण ती चाचणी यंत्र करतं, स्वच्छ खोलीत. आपल्याकडे धूळ आहे. हा या फोनचा खरा शत्रू, आणि जाहिरातीत तो सर्वात बारीक अक्षरांत असतो. फ्लिप ६ चं धूळ-पाण्याचं मानांकन आयपी४८. आठचा आकडा पाण्याचा, तो उत्तम. चारचा अर्थ एवढाच की एक मिलिमीटर किंवा त्याहून मोठा कण आत जाणार नाही. सांगलीच्या बाजारातली हळदीची पूड, इचलकरंजीच्या मागावरचा कापसाचा तूस, बांधकामावरचं सिमेंट यांतलं काहीही एक मिलिमीटर जाड नसतं. या ठिकाणी ज्यांचा दिवस जातो, त्यांना मी हा फोन घ्यायला सांगणार नाही. कोकणातल्या पावसात भिजला तर घाबरू नका. समुद्रात मात्र नेऊ नका, ही चाचणी गोड्या पाण्यातली असते, आणि किनाऱ्यावर वाळूही असतेच.

मोटरसायकलच्या हँडलला फोन अडकवून नकाशा पाहणारे इथे असतील. धूळ, हादरे आणि होल्डरची पकड, सगळं एकदम. त्यांनी साधा फोन घ्यावा, यात मला शंका वाटत नाही.

उलट स्वयंपाकघरात हा फोन शोभतो. अर्धा उघडून ओट्यावर ठेवला की आधाराशिवाय उभा राहतो. पाककृती बघा, परदेशातल्या लेकीशी बोला, दोन्ही हात कणकेत असले तरी चालतं. फोटोतही असंच. मिटलेल्या फोनचा मुख्य कॅमेरा आपल्याकडे वळवून बाहेरच्या पडद्यावर चेहरा बघत सेल्फी काढता येतो, तो साध्या फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याहून बरा येतो. दूरचं जवळ आणणारी वेगळी लेन्स बहुतेक फ्लिपमध्ये नसते. नातवाच्या स्नेहसंमेलनात मागच्या रांगेत बसणाऱ्या आजोबांनी हे लक्षात घ्यावं.

बॅटरी दोन भागांत विभागावी लागते, म्हणून जागा कमी. फ्लिप ७ मध्ये ४,३०० एमएएच आहे, तर वीस हजारांच्या साध्या फोनमध्ये ५,००० सहज मिळते. दिवसभर बाहेर फिरणाऱ्यानं पॉवर बँक धरूनच हिशोब करावा. किमतींत बरंच अंतर आहे. सॅमसंगचे फ्लिप ६ आणि फ्लिप ७ भारतात १,०९,९९९ रुपयांना आले, तर २०२५ मध्ये मोटोरोलाचा रेझर ६० आला ४९,९९९ रुपयांना. पण खरी किंमत आतल्या पडद्याची. तो गेला तर बदलायला एका चांगल्या साध्या फोनइतका खर्च येऊ शकतो. म्हणून विकत घेण्याआधी सर्व्हिस सेंटरला फोन करा, आतला पडदा कितीला बसतो आणि तुमच्या तालुक्यात बदलून मिळतो की पुण्याला पाठवावा लागतो, हे विचारा. उत्तर देताना समोरचा आढेवेढे घेऊ लागला, तर तेही उत्तरच समजा.

श्रोत्यांकडून काही चिठ्ठ्या आल्या आहेत. बहुतेकींची उत्तरं बोलण्यात येऊन गेली, एक मात्र राहिली: ‘आईचं वय ७४, तिला जुन्या फ्लिप फोनची सवय होती, म्हणून हा घ्यावा का?’ नको. फोन मिटला की कॉल संपला, ही तिची सवय सुखाची आहे, पण त्यासाठी लाख रुपये लागत नाहीत. नोकियाचा २६६० फ्लिप २०२२ मध्ये पाच हजारांच्या आत आला होता, मोठी बटणं आणि संकटात दाबायचं वेगळं बटण घेऊन. आणि शर्टाच्या खिशाचं राहिलं होतं. फ्लिप मिटलेला राहावा म्हणून त्यात चुंबक बसवलेले असतात. हृदयात पेसमेकर असेल तर असा फोन त्यापासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवा, असं सॅमसंग स्वतःच सांगते. आईला पेसमेकर असेल, तर साध्या फ्लिपमध्येही चुंबक आहे का हे विचारून घ्या, आणि तो ब्लाऊजजवळच्या पाकिटात न ठेवता पिशवीत ठेवायला सांगा.