निवृत्तिवेतन, पुन्हां नोकरी आणि प्राप्तिकर

तानसा आणि भातसा हीं धरणें शहापूर तालुक्यांत आहेत व त्यांचेंच पाणी मुंबईच्या नळांना येतें, हें शहरांतील सुशिक्षित घरांत बहुधा सर्वांस ठाऊक असतें. त्या धरणांच्या आसपासच्या पाड्यांवर, किंवा पलीकडे मुरबाड तालुक्यांत माळशेज घाटाच्या पायथ्याशीं, शाळेच्या फळ्यासमोर कोण उभें राहतें हें मात्र फारसें कोणी विचारीत नाहीं. जुलै २०२३ मध्यें महाराष्ट्र सरकारनें असें ठरविलें कीं, जिल्हा परिषदेच्या शाळांतील रिकाम्या जागांवर, नवी भरती होईपर्यंत, सेवानिवृत्त शिक्षक कंत्राटी पद्धतीनें नेमावे. मानधन दरमहा २०,००० रुपये आणि वयाची मर्यादा ७० वर्षे. अठ्ठावन्नाव्या वर्षीं ज्यानें खडू खालीं ठेवला, त्याच्या हातीं तो पुन्हां येण्याची ही सोय होती. अशा गृहस्थाच्या घरीं पेन्शन एका वाटेनें येते, मानधन दुसऱ्या वाटेनें. आणि मग एक शंका हटकून निघते. पेन्शन हें तर जन्मभर केलेल्या सेवेचें फळ. त्यावर पुन्हां कर कसला?

ही शंका स्वाभाविक आहे, पण कायद्यास ती मान्य नाहीं. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यानें ‘वेतन’ या शब्दाची जी व्याख्या केली तींत निवृत्तिवेतनाचा स्पष्ट समावेश आहे, आणि १ एप्रिल २०२६ पासून अंमलांत आलेल्या नव्या कायद्यांत कलमांचे आंकडे बदलले तरी हें तत्त्व तसेंच आहे. पेन्शनचा कांहीं भाग विकून सरकारी अथवा स्थानिक संस्थेच्या नोकरास जी एकरकमी रक्कम मिळते, ती करमुक्त. दरमहा हातीं येणारी पेन्शन मात्र करपात्र. तिच्यांत मानधन मिळवावयाचें, ठेवींवरील व्याज मिळवावयाचें, आणि मग बेरजेवर कर पाहावयाचा. पेन्शनचा कर निराळा व नोकरीचा निराळा, असा हिशेबच नाहीं.

आंकड्यांत पाहिल्यास हें अधिक उलगडेल. समजा, एकसष्ट वर्षांच्या एका गुरुजींना दरमहा ४५,००० रुपये पेन्शन आहे, वर्षाचे ५,४०,०००. दहा महिन्यांचें मानधन २,००,००० आणि ठेवींचें व्याज ६०,०००. एकूण आठ लाख. २०२५-२६ या वर्षाच्या नव्या करपद्धतींत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन ७,२५,००० उरतात. चार लाखांवरील रकमेस पांच टक्के धरून कर १६,२५० होतो. परंतु बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नास मिळणाऱ्या सवलतीमुळें तो सबंध माफ होतो. आतां याच गुरुजींनीं केवळ संवयीनें जुनी पद्धत निवडली असें समजा. तेथें वजावट ५०,००० ची, ज्येष्ठांच्या व्याजाची सूट आणखी ५०,००० ची. इतर बचत नसेल तर सात लाखांवर अधिभारासह ५२,००० रुपये भरावे लागतात. अडीच महिन्यांचें मानधन एका खुणेच्या चुकीनें गेलें! कर शून्य आला तरी विवरणपत्र भरणें सुटत नाहीं, हेंहि लक्षांत असावें.

ही वजावट सर्व वेतन मिळून एकदांच मिळते. घोटाळा होतो तो येथेंच. समजा, माध्यमिक शाळेचे एक मुख्याध्यापक निवृत्त होऊन नुकतेंच वर्ष झालें, वय ५९. पेन्शन ९,६०,०००, नव्या नोकरीचे २,४०,०००, एकाच बँकेंतील व्याज १,५०,०००. पेन्शन देणारी कचेरी आपल्यापुरतें पाहते. तिच्या हिशेबीं कर नाहीं. संस्था आपल्यापुरतें पाहते. तिच्याहि हिशेबीं नाहीं. बँक तेवढी दहा टक्क्यांनीं १५,००० कापते. तिन्ही रकमा एकत्र केल्या म्हणजे वजावटीनंतर १२,७५,००० होतात, माफीची मर्यादा ओलांडली जाते आणि अधिभारासह ७४,१०० रुपये देणें निघतें. उरलेले ५९,१०० कोणी कापलेले नसतात. साठीच्या आंतील माणसास हा कर जूनपासून मार्चपर्यंत चार हप्त्यांनीं आगाऊ भरावा लागतो, नाहींतर व्याज चढतें. साठी झालेल्यास आगाऊ कर माफ आहे, पण धंद्याचें किंवा व्यवसायाचें उत्पन्न नसेल तरच. यावर सोपा उपाय असा कीं, वर्षाच्या आरंभींच नव्या मालकास पेन्शनचा आंकडा लेखी कळवावा. तो दोन्हीं धरून कर कापूं शकतो. पुष्कळांना हें सांगण्याचा संकोच वाटतो. तो व्यर्थ आहे. मुरबाड तालुक्यांतील धसई हें गांव २०१६ च्या डिसेंबरांत रोकडविरहित म्हणून जाहीर झालें, त्याचा पुढें कसा निभाव लागला हा प्रश्न निराळा. पण पेन्शन, मानधन व व्याज हीं आज पॅन क्रमांकाखालीं सरकारदरबारीं आपोआप नोंदलीं जातात.

मानधन हें वेतन कीं व्यवसायाची फी, हेंहि नेमणुकीच्या कागदावरून पाहावें. वेळापत्रक, हजेरी व हुकूम संस्थेचा असेल तर तें वेतनच. घरीं शिकवण्या घेतल्या तर मात्र तें व्यवसायाचें उत्पन्न. त्यास वेतनाची वजावट नाहीं आणि आगाऊ कराची माफीहि जाते. महाराष्ट्राचा व्यवसायकर पेन्शनवर नसतो, नव्या नोकरीवर लागूं शकतो. पासष्ट वर्षे पुरीं झालेल्यांस तो माफ आहे.

कुटुंब-निवृत्तिवेतनाची गोष्ट वेगळी. पतीच्या पश्चात् पत्नीस मिळणारी पेन्शन तिचें स्वतःचें वेतन नव्हे म्हणून ती ‘इतर उत्पन्नां’त जाते. तींतून नव्या पद्धतींत एक-तृतीयांश किंवा २५,००० यांपैकीं कमी असेल ती रक्कम वजा होते. जुन्या पद्धतींत २५,००० च्या जागीं १५,००० धरावयाचे. शहापूरच्या एखाद्या शाळेंत स्वतः शिकविणाऱ्या विधवा बाईंना म्हणून आपल्या पगारावरील वजावट आणि ही वजावट, अशा दोन्हीं मिळतात. आणि विवरणपत्र भरणारा मनुष्य दोन्हीं रकमा पगाराच्याच रकान्यांत लिहूं लागला, तर त्यास तेथेंच थांबवावें.