पारख पदवीची

(वर्धा येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला ग्रामीण भागासाठी वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. तेथून एम.बी.बी.एस. झालेला तरुण ब्रिटनला गेला, तर केवळ पदवीच्या बळावर त्याला रुग्ण तपासता येत नाही. त्यासाठी 'प्लॅब' परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेत तर परीक्षांखेरीज निवासी डॉक्टरची उमेदवारीही बहुधा नव्याने करावी लागते. आपल्या शिक्षणाचा हा उपमर्द आहे, असे अनेक पालकांना वाटते.

या भावनेला इतिहासाचा आधार आहे. १९३० साली लंडनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. येथील डॉक्टरांनी तो आघात मुकाट्याने सोसला नाही. १९३३ च्या कायद्याने भारताची स्वतंत्र वैद्यक परिषद स्थापन झाली. मान्यता पुढे परत मिळाली, आणि १९७५ साली पुन्हा गेली.

तथापि, परीक्षा घेणे वेगळे आणि दार लावून घेणे वेगळे. परीक्षा आपणही घेतोच. रशिया-चीनमधून वैद्यक शिकून परतणाऱ्या आपल्याच मुलांसाठी २००२ पासून चाळणी परीक्षा आहे. ३०० पैकी १५० गुण मिळवावे लागतात. ज्याच्या हाती रुग्णाचा जीव सोपवायचा, त्याची पारख करण्यात गैर ते काय?

प्रश्न आहे तो ज्याला परीक्षेलाही बसता येत नव्हते त्याचा. सिंधमध्ये स्वतःचा दवाखाना चालविणारा हिंदू डॉक्टर छळाला कंटाळून भारतात आला आणि येथे कुणाच्या तरी रुग्णालयात मदतनीस झाला. नागरिकत्व मिळाले, तरी पदवी परकीच राहिली. ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ही कोंडी फोडली. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत पाकिस्तानातून आलेल्या, नागरिकत्व मिळालेल्या अल्पसंख्य डॉक्टरांकडून अर्ज मागविण्यात आले. परीक्षा उत्तीर्ण झाल्यास कायम नोंदणीचा मार्ग खुला झाला. ही खैरात नव्हती. उशीर मात्र फार झाला होता.

आणि तारखेची ती रेषा? जानेवारी २०१५ मध्ये आलेल्याचे वैद्यकज्ञान काही निराळे नसते. शिवाय अनेक वर्षे स्टेथोस्कोप न धरलेल्या हाताला सराव हवा. अमेरिकेतील टेनेसी राज्याने २०२३ मध्ये कायदा करून परदेशी डॉक्टरांना देखरेखीखाली काम करण्याची तात्पुरती परवानगी देऊ केली. अशा डॉक्टरांना वर्ध्याच्या जिल्हा रुग्णालयात किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात वर्षभर ज्येष्ठांच्या हाताखाली काम करू द्यावे, आणि मग त्यांची परीक्षा घ्यावी.